त्रेसष्ट की साठ तीन?

बालभारतीने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’ या रूढ नावासोबत ‘साठ तीन’ असे वाचनही दिले, तेव्हा अनेक पालकांनी नापसंती दर्शविली. घरी पाढे जुन्या नावांनी, बाजारात हिशेबही त्याच नावांनी. मग मुलांना हा दुहेरी भार कशाला, ही त्यांची शंका रास्तच होती. परंतु त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारला जातो, लिहिताना सहा आधी येतो; मूल ३६ लिहून बसते. एकोणसाठात तर नऊ ऐकूच येत नाही! कानडी-तेलुगूत दशक आधीच बोलतात. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी हीच अडचण मांडली होती. जुनी नावे पुस्तकात कायम होती, ही गोष्ट मात्र वादात मागे पडली. पालकसभेत ते पान उघडून दाखविणे शिक्षकांना सहज शक्य आहे.