बाराव्या आठवड्याच्या आत

वऱ्हाडात, धारणीच्या पाड्यावर काय किंवा अकोल्याच्या जुन्या शहरात काय, ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ जन्मलं की बाळंतिणीला हमखास विचारलं जातं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" बिचारी सातव्या महिन्यातलं ग्रहण आठवत बसते. बाळाची टाळू तर त्याच्या कितीतरी आधी, गर्भधारणेपासून बाराव्या आठवड्यापर्यंतच जुळलेली असते. नाहीतर राहून गेलेली असते.

सहाव्या आठवड्यात गर्भ जेमतेम सेंटीमीटरभर असतो. त्याच्या वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी फळीसारखे दोन उंचवटे निघतात आणि जिभेच्या कडेने खाली वाढत जातात. पुढे जीभ खाली सरकते, फळ्या वर उचलून आडव्या होतात आणि मधोमध एकमेकींना भिडतात. मुलींमध्ये हे काम मुलांपेक्षा सुमारे आठवडाभर उशिरा उरकतं. नुसती टाळू दुभंगण्याचं प्रमाण मुलींत जास्त असण्याचं ते एक कारण मानतात.

फळ्यांनी किती वाढायचं, हे ठरतं पेशींच्या आपसातल्या निरोपांवर. आतल्या थरातल्या पेशी एफजीएफ-१० हे प्रथिन सोडतात. वरच्या आवरणातल्या पेशींवरचा त्याचा ग्राहक, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, स्वतःच एक विकर असतो, किनेज जातीचा. निरोप पोचताच तो फॉस्फेटचा कण चिकटवून पुढच्या प्रथिनाला जागं करतो, ते त्याच्या पुढच्याला, आणि साखळी केंद्रकापर्यंत जाते. मग आवरणातल्या पेशी 'सॉनिक हेजहॉग' नावाचं प्रथिन उलट आत पाठवतात आणि आतल्या पेशी भराभर विभागू लागतात. उंदरांत यातला एफजीएफ-१० किंवा त्याचा ग्राहक काढून टाकला की फळ्या खुरटतात. भिडल्यावर सांधणारा निरोप वेगळाच, टीजीएफ-बीटा-३ चा. १९९५ साली तो नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची टाळू सांधलीच गेली नाही.

मग दोष जनुकांचा की बाहेरचा? कॅनडात क्लार्क फ्रेझर यांनी १९५१ च्या सुमारास गाभण उंदरिणींना कॉर्टिसोन दिलं. एका वाणाच्या जवळजवळ सगळ्या पिल्लांची टाळू दुभंगली, दुसऱ्या वाणात साधारण पाचातल्या एकाचीच. औषध तेच, वाण वेगळे. माणसातही बहुधा असंच असतं : थोडा वारसा, थोडी परिस्थिती. फिट्सची काही औषधं आणि धूम्रपान यांनी धोका वाढतो. (औषध मात्र मनानं बंद करू नये, दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.) फोलिक ॲसिडबद्दल मणक्याच्या दोषांसाठी पुरावा भक्कम आहे, टाळूसाठी तेवढा नाही. तरी गोळी दिवस जाण्याआधीच सुरू करावी. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत हातात फार थोडे आठवडे उरतात. विळीचा यात कुठेच संबंध नाही.

भारतात दर सातशे-आठशे जन्मांमागे असं एक बाळ असतं. फाटका ओठ लगेच दिसतो; नुसती टाळू दुभंगलेली असली तर नजरेतून निसटते. दूध नाकातून येतं, बाळाला ओढता येत नाही, वजन वाढत नाही आणि घरचे म्हणतात, आईला दूधच नाही. अशा बाळाला उभं धरून वाटी-चमच्यानं काढलेलं दूध पाजता येतं. टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांदरम्यान करतात, म्हणजे बोलणं गेंगाणं होण्याची शक्यता कमी होते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात टाळू दुभंगण्याचाही समावेश आहे आणि उपचार मोफत आहेत.

तेव्हा बाळंतपण अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात होवो, अकोल्याच्या लेडी हार्डिंगला होवो की घरी, पहिल्याच दिवशी बाळाच्या तोंडात बॅटरी धरून टाळू बघायला सांगा, आणि काही दिसलं तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा.