हॅलोविनचा भोपळा एकदाच कोरा. पण आतला सेल नीट पाहून घ्या!

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला दारोदार कोरलेले भोपळे झळकतात. आयर्लंडमध्ये यासाठी सलगम कोरायचे. स्थलांतरितांना अमेरिकेत मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. अडचण एकच. कोरलेला भोपळा काही दिवसांत बुरशी धरून खाली बसतो. म्हणून अनेक जण आता फोमचा पोकळ भोपळा आणतात. एकदा कोरला की पुढची काही वर्षं तोच.

कसा करायचा?
डोळे-तोंड पेन्सिलीने आखा, बारीक दातांच्या करवतीने कापा. भुकटी उडते, मास्क हवाच. भोक तळाला पाडा. जोड दिसत नाही आणि सेल बदलता येतात.

आत मेणबत्ती चालेल का?
अजिबात नाही, फोम पेट घेतो. एलईडीच लावा. पण कोणता? छोट्या एलईडी दिव्यांत अनेकदा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. दिसायला निरुपद्रवी. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा. अशा सेलच्या कप्प्यांसाठी अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा केला तो यामुळेच. कप्पा स्क्रूने बंद होतो ना, ते तपासा. घरात रांगतं मूल असेल तर सरळ एए सेलवर चालणारी माळ घ्या; ती जास्त तासही टिकते.

आवरताना सेल काढून ठेवा. वर्षभर आत राहिले तर ते गळतात, स्प्रिंग गंजते. मग पुढच्या ऑक्टोबरात भोपळा धडधाकट आणि दिवा बंद!