श्वान प्रदर्शनांना शिस्त हवी, 'कारवानी'ला रिंगण हवे

छत्रपती संभाजीनगर - थंडीची चाहूल लागली, की राज्यातील शहरांमध्ये श्वान प्रदर्शनांचे फलक झळकू लागतात. मराठवाड्यालाही हा प्रकार नवा नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत जिल्हा परिषदेच्या वतीने अश्व, कुक्कुट आणि श्वान प्रदर्शन भरते. खंडोबाच्या पायाशी श्वान असतोच. त्यामुळे देवाच्या यात्रेत श्वानांना मान मिळावा यात नवल नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरातील खंडोबाला जाणाऱ्या भाविकालाही हे नाते ठाऊक आहे. शहरी मैदानांवरील प्रदर्शनांची रीत मात्र वेगळी. तेथे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, पग यांची गर्दी असते, चषक असतात, छायाचित्रे निघतात आणि सायंकाळी निकालावरून वादही झडतात. हे वाद टाळायचे, तर श्वानांच्या जातींसाठी काम करणाऱ्या क्लबांनी प्रदर्शन नेमके कशासाठी भरवायचे, याचा मुळापासून विचार करायला हवा.

प्रदर्शन कशासाठी?

आधुनिक श्वान प्रदर्शनाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. न्यूकॅसल येथे जून १८५९ मध्ये भरलेल्या प्रदर्शनात पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचेच श्वान होते. पुढे १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीची नोंद, जातीचे मानक व प्रदर्शनाचे नियम यांची घडी बसली. युरोपातील पाच देशांनी १९११ मध्ये एकत्र येऊन एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. भारतात चेन्नईत मुख्यालय असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया वंशावळीची नोंद ठेवतो आणि संलग्न क्लबांच्या प्रदर्शनांना मान्यता देतो. मुंबई, पुणे, कोल्हापूर येथे असे क्लब अनेक वर्षांपासून काम करीत आहेत.

प्रदर्शनाचा मूळ हेतू सौंदर्यस्पर्धेचा नाही. पुढची पिढी कोणत्या नर-मादीपासून घ्यावी, हे ठरविण्याची ती चाचणी आहे. प्रत्येक जातीचे एक लिखित मानक असते. उंची, छातीची खोली, दातांची ठेवण, चाल, अंगावरील केस, स्वभाव यांचे वर्णन त्यात असते. परीक्षक दोन श्वानांची तुलना करण्याआधी प्रत्येक श्वान या मानकाशी ताडून पाहतो. वयानुसार व लिंगानुसार वर्ग होतात; वर्गातील विजेत्यांतून जातीचा सर्वोत्तम श्वान निवडला जातो, तो गटात जातो आणि गटविजेत्यांतून प्रदर्शनाचा सर्वोत्तम श्वान ठरतो. सर्व जातींच्या प्रदर्शनाखेरीज एकाच जातीचे विशेष प्रदर्शनही असते. जातीसाठी काम करणाऱ्या क्लबाची खरी परीक्षा या विशेष प्रदर्शनातच होते.

वाद कोठे सुरू होतो?

बहुतेक वादांचे मूळ निकालात नसून निकाल न समजण्यात असते. मालक प्रवेश शुल्क भरतो, दूरवरून गाडी करून येतो, तासन् तास थांबतो. रिंगणात दोन मिनिटे फिरून झाल्यावर परीक्षक बोट दाखवितो आणि सारे संपते. आपला श्वान तिसरा का आला, हे कोणी सांगत नाही. मग 'ओळखीच्या माणसाला चषक दिला' ही कुजबुज सुरू होते.

यावरचा उपाय जुना आणि सिद्ध झालेला आहे. जर्मन शेफर्डच्या प्रदर्शनांत परीक्षक श्वानांचा क्रम लावतो आणि प्रत्येक श्वानाचे गुणदोष ध्वनिक्षेपकावरून सांगतो. या जातीचा जर्मनीतील मूळ क्लब १८९९ मध्ये स्थापन झाला. तेव्हापासून श्वानाचे रूप आणि त्याची कामाची क्षमता यांची सांगड घालण्यावर त्याचा भर राहिला आहे. युरोपातील अनेक प्रदर्शनांत प्रत्येक श्वानाला 'उत्कृष्ट', 'अतिशय चांगला', 'चांगला' अशी श्रेणी मिळते आणि लेखी अभिप्राय दिला जातो. चार ओळींचा हा कागद मालकाच्या हाती पडला, तर हरलेला मालकही काही शिकून घरी जातो. पुढच्या वेळी कोणता नर निवडावा, हे त्याला कळते.

अर्थात लेखी अभिप्रायाला वेळ लागतो. एफसीआयच्या नियमांनुसार परीक्षकाने ताशी साधारण १५ ते २० आणि अभिप्राय लिहायचा असल्यास दिवसाला कमाल ८० श्वान तपासावेत, अशी अपेक्षा असते. याचा अर्थ सरळ आहे. दोनशे श्वानांची नोंदणी घेऊन एकच परीक्षक बोलावणाऱ्या क्लबाने न्यायाची अपेक्षा ठेवू नये. नोंदणीची अंतिम तारीख प्रदर्शनाच्या पुरेशी आधी ठेवली, तर श्वानांची संख्या कळते आणि त्यानुसार परीक्षक व रिंगणे ठरविता येतात. मैदानावर ऐनवेळी नोंदणी घेण्याची पद्धत बंद केली, तर निम्मा गोंधळ तेथेच संपेल.

परीक्षक आणि हितसंबंध

श्वानांची पैदास करणारे, ते हाताळणारे आणि परीक्षक यांचे वर्तुळ छोटे असते. अनेकदा एकच व्यक्ती या तिन्ही भूमिकांत वावरते. म्हणूनच परीक्षकाने प्रदर्शनापूर्वीच्या सहा महिन्यांत स्वतःच्या मालकीचा असलेला, प्रशिक्षण दिलेला, सांभाळलेला किंवा विकलेला श्वान तपासू नये, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. जवळच्या नातेवाइकांच्या श्वानांनाही हेच लागू होते. स्थानिक क्लबांनी हा नियम प्रवेशपत्रिकेवर छापावा आणि परीक्षकाकडून तसे लेखी घ्यावे. क्लबाच्या पदाधिकाऱ्यांचे श्वान सहभागी होणार असतील, तर ते आधीच जाहीर व्हावे. तक्रार कोणाकडे, किती वेळात करायची आणि तिचा निर्णय कोण देणार, हेही आधीच ठरलेले असावे. निकालानंतर मंचासमोर जमाव जमण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

हिशेबाचेही तसेच. महाराष्ट्रात असे क्लब सहसा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेले असतात. अशा संस्थेला लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. प्रवेश शुल्क, प्रायोजकांची रक्कम आणि खर्च यांचा गोषवारा सभासदांसमोर ठेवला, तर विश्वास वाढतो आणि पुढील वर्षी प्रायोजकही सहज मिळतात.

ऊन, संसर्ग आणि प्रवेशद्वार

मराठवाड्यात प्रदर्शन भरविणाऱ्यांनी सर्वांत आधी पंचांग नव्हे, तर तापमान पाहावे. श्वानाला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो शरीर थंड ठेवतो. त्याच्या शरीराचे सामान्य तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांपुढे गेले, तर उष्माघाताने जीव जाऊ शकतो. पग, बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना तर धाप टाकूनही पुरेसा थंडावा मिळत नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा, रिंगणे सकाळी लवकर सुरू करावीत, मंडपाची सावली श्वानांच्या बाजूलाही असावी आणि पाण्याची सोय जागोजागी असावी. आखूड नाकाच्या जातींचे वर्ग सर्वांत आधी घ्यावेत. बंद गाडीत श्वान ठेवण्यास सक्त मनाई हवी.

दुसरा धोका संसर्गाचा. पार्व्हो विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकू शकतो आणि पिल्लांसाठी तो जीवघेणा असतो. म्हणून प्रवेशद्वारावर पशुवैद्यक बसवून लसीकरणाची नोंदवही पाहणे, आजारी दिसणाऱ्या श्वानाला परत पाठविणे आणि लसीकरण पूर्ण न झालेली पिल्ले प्रेक्षकांनीही आणू नयेत, असे जाहीर करणे आवश्यक आहे. रेबीजची पहिली लस वयाच्या तीन महिन्यांनंतर दिली जाते आणि तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. आदल्या दिवशी टोचलेल्या लसीचा दाखला म्हणूनच पुरेसा मानू नये. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापक व विद्यार्थ्यांची मदत घेतली, तर तपासणी नीट होईल आणि विद्यार्थ्यांनाही अनुभव मिळेल.

कायदा काय सांगतो?

श्वान पैदास व विक्रीसंबंधीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ मध्ये अधिसूचित झाले. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, विक्रीपूर्वी लसीकरण व मायक्रोचिप आवश्यक आहे, तसेच वैद्यकीय कारणाविना शेपूट छाटणे व कान कापणे यांना मनाई आहे. कान कापलेल्या डॉबरमनला चषक देणारा क्लब एका अर्थाने या प्रकाराला प्रोत्साहन देतो, हे आयोजकांनी ध्यानात घ्यावे.

मायक्रोचिपचा उपयोग प्रदर्शनातही आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये १५ अंकी क्रमांक असतो. रिंगणात जाण्यापूर्वी वाचकयंत्राने हा क्रमांक प्रमाणपत्राशी जुळवून पाहिला, तर एकाचे कागद आणि दुसऱ्याचा श्वान हा प्रकार थांबतो. एका क्लबाला यंत्राचा खर्च परवडत नसेल, तर दोन-तीन क्लबांनी मिळून ते घ्यावे.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये रॉटवायलरसह २३ जातींवर निर्बंध सुचविणारे परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरविले. तरीही लोकांच्या मनातील भीती खरी आहे. श्वानाचा स्वभाव हा निकालाचा भाग करणे आणि चावण्याचा प्रयत्न करणाऱ्या श्वानाला तत्काळ बाद करणे, हे या भीतीला क्लबांनी द्यावयाचे उत्तर आहे.

चषक आणि आरोग्य

निव्वळ रूपाला महत्त्व दिले, तर काय होते याचा धडा इंग्लंडने घेतला. प्रदर्शनासाठी केलेल्या पैदाशीमुळे अनेक जाती व्याधिग्रस्त झाल्याचे बीबीसीने २००८ मध्ये एका माहितीपटातून दाखविले. त्यानंतर बीबीसीने प्रख्यात 'क्रफ्ट्स' प्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबविले. पुढे २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्यकांकडून तपासणी झाली आणि बुलडॉग, पेकिनीज यांसह काही जातींचे विजेते पुढच्या फेरीआधीच बाद झाले. मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्डसाठी काम करणाऱ्या क्लबांनी क्ष-किरण तपासणीचा दाखला असलेल्या श्वानांसाठी वेगळा सन्मान ठेवला, तर मालक आपणहून तपासणी करून घेतील.

आपल्या मातीतल्या श्वानाचे काय?

या साऱ्या चर्चेत मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न 'कारवानी'चा आहे. निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब पाय असलेला हा वेगवान श्वान दख्खनच्या पठारावर पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. शिकार हे त्याचे काम होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि ते काम कायद्याने संपले. ते योग्यच झाले. पण चांगला श्वान ओळखण्याची शेतातली कसोटीही त्याबरोबर गेली. ग्रेहाउंडसारख्या जातींशी संकर होत गेला, तर मूळ रूप पुसले जाण्याची भीती आहे. आता या जातीची पारख होऊ शकेल, अशी जागा म्हणजे प्रदर्शनाचे रिंगण.

शेजारच्या कर्नाटकाने याबाबत पुढाकार घेतला आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या श्वानाला राजाश्रय दिला. आज बागलकोट जिल्ह्यातील तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. मुधोळ हाउंडवर २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये भारतीय लष्कराने मेरठ येथे त्याचे प्रशिक्षण सुरू केले आणि पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्याचाच भाऊबंद असलेला मराठवाड्यातील कारवानी मात्र शहरी प्रदर्शनांत क्वचितच दिसतो. कारण साधे आहे. त्याचा मालक बहुधा ग्रामीण भागातील शेतकरी किंवा पशुपालक असतो. त्याच्याकडे वंशावळीचा कागद नसतो, इंग्रजीतील अर्ज त्याला भरता येत नाही आणि शुल्कही परवडत नाही.

हे बदलणे कठीण नाही. देशी जातींसाठी सवलतीचे शुल्क, मराठीत अर्ज आणि कागद नसलेल्या श्वानांसाठी खुला वर्ग एवढ्याने सुरुवात होऊ शकते. अनेक देशांत आपल्या जुन्या जातींची नोंदवही काही काळ खुली ठेवतात; जाणकारांनी पाहून मानकात बसणाऱ्या श्वानांची पहिली पिढी म्हणून नोंद केली जाते. मराठवाड्यातील क्लबांनी वर्षातून एक विशेष प्रदर्शन कारवानीसाठी भरवावे. उंची मोजावी, छायाचित्र घ्यावे, चिप बसवावी आणि नोंद ठेवावी. त्यासाठी शहरातील मैदानच हवे असे नाही. माळेगावसारख्या यात्रेत हा श्वान आपल्या मालकासह स्वतःच येतो. परीक्षक आणि नोंदवही तेथे पोहोचण्याची गरज आहे.

आयोजकांसाठी थोडक्यात

- तारीख हिवाळ्यातील असावी, नोंदणी आधी संपवावी आणि वेळापत्रक छापून द्यावे.
- परीक्षकाची नावे, त्यांचे हितसंबंध आणि तक्रारीची पद्धत आधी जाहीर करावी.
- प्रत्येक श्वानाला श्रेणी व लेखी अभिप्राय द्यावा.
- प्रवेशद्वारावर पशुवैद्यक, लसीकरणाची तपासणी आणि मायक्रोचिपची पडताळणी असावी.
- कान-शेपूट कापलेल्या व आक्रमक श्वानांना पारितोषिक देऊ नये.
- देशी जातींसाठी सवलत व खुला वर्ग ठेवावा.
- जमाखर्च सभासदांसमोर मांडावा.

यातील बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. आधी आखणी आणि नंतर अंमलबजावणी लागते. चषक कपाटात राहतो, पण रिंगणात झालेली निवड पुढच्या पिढीच्या रक्तात उतरते. कारवानीच्या बाबतीत तर ही निवड लांबणीवर टाकण्यासारखी नाही.