ऑइल साफ करणारी भिंगरी

दौंड तालुक्यातल्या भांडगावावरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. उसाचा हंगाम लागला की पाटसच्या कारखान्याच्या पट्ट्यात ट्रक-ट्रॅक्टरांना उसंत नसते. हंगामाआधी ऑइल सगळेच बदलतात. पण इंजिनाला सेंट्रिफ्यूगल फिल्टर असेल, तर तो उघडायचा राहून जातो.

त्यात कागद नसतो. बंद डबीसारखा रोटर ऑइलच्याच दाबावर फिरतो. तळाच्या दोन बारीक जेटमधून ऑइल सुटतं आणि त्याच्या धक्क्याने रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो. काजळी आणि धातूचा कीस बाहेर फेकला जाऊन भिंतीला थापला जातो. मात्र ऑइलमध्ये मिसळलेलं डिझेल यातून निघत नाही.

इंजिन बंद करून निवू द्यावं, मग झाकण काढावं. आतला काळा थर चिकट रबरासारखा असतो. तो लाकडी पट्टीने खरवडावा. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडे पडतात. सुटे भाग डिझेलने धुवावेत, जेटमधून हवा मारावी. धागे सुटणारी चिंधी नकोच. रोटरच्या दोन भागांवरच्या खुणा जुळवूनच ते बसवावेत, नाहीतर तोल बिघडून बुश खातो. ओ-रिंग नवी घालावी. नट जोर लावून आवळण्याची आपल्याकडे फार हौस. इथे तेवढ्यानेही रोटर अडकतो.

गरम इंजिन बंद केल्यावर कान द्यावा. रोटर मोकळा असेल, तर थोडा वेळ बारीक गुणगुण ऐकू येते. स्प्लेंडरमध्येही असाच फिल्टर असतो, पण तो क्रँकशाफ्टबरोबर फिरतो. उजवं कव्हर उघडल्याशिवाय दिसत नाही.