रंगाच्या कारखान्यातून रणभूमीवर

२२ एप्रिल १९१५ च्या सायंकाळी पाचच्या सुमारास बेल्जियममधील ईप्र या शहराजवळ जर्मन खंदकांतून हिरवट-पिवळे धुके उठले आणि मंद वाऱ्याबरोबर फ्रेंच खंदकांकडे सरकू लागले. ते धुके नव्हते. क्लोरीन वायू होता. सुमारे सहा किलोमीटरच्या आघाडीवर मांडलेल्या ५,७३० नळकांड्यांतून दीडशे टनांच्या आसपास वायू सोडण्यात आला होता. हवेहून जवळजवळ अडीचपट जड असल्याने तो खंदकांत उतरला. फुफ्फुसांत पाणी साचून माणसे उभ्या जागी गुदमरली.

हा वायू युद्धासाठी शोधलेला नव्हता. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन मिळे आणि तो रंगांच्या व कापड विरंजनाच्या उद्योगात वापरला जाई. त्या काळी कृत्रिम रंगांच्या जागतिक बाजारावर जर्मन कारखान्यांचे वर्चस्व होते. १८९७ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या कृत्रिम निळीने बिहारमधील निळीचा व्यापार अल्पावधीत खिळखिळा केला. युद्ध सुरू होताच रंगांची निर्यात थांबली. परंतु द्रवरूप क्लोरीन पोलादी नळकांड्यांत भरण्याचे व्यापारी तंत्र तयारच होते.

या योजनेचे सूत्रधार होते रसायनशास्त्रज्ञ फ्रित्स हाबर. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याची त्यांची पद्धत पुढे रासायनिक खतांचा पाया ठरली. जगातील कोट्यवधी लोकांचे अन्न आज तिच्यावर अवलंबून आहे. त्यांच्या पत्नी क्लारा इमरवार या स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या विदुषी होत्या. ईप्रनंतर अवघ्या दहा दिवसांनी, २ मे रोजी, त्यांनी पतीच्याच पिस्तुलाने आत्महत्या केली. हाबर थोड्याच अवधीत पूर्व आघाडीवर रवाना झाले. अमोनियाच्या संश्लेषणासाठी १९१८ चे नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

कायद्याने या शस्त्राला मनाई नव्हती काय? होती. १८९९ च्या हेग घोषणापत्राने श्वास कोंडणारे वायू पसरविणारे तोफगोळे निषिद्ध ठरविले होते. जर्मनांचा युक्तिवाद असा, की नळकांडे म्हणजे तोफगोळा नव्हे! कराराचे अक्षर राखून आशय बुडविण्याची ही युक्ती व्यवहारी माणसास अपरिचित नाही. येथे मात्र तिची किंमत प्राणांनी मोजली गेली. प्रतिपक्षही मागे राहिला नाही. २५ सप्टेंबर १९१५ रोजी लूस येथे ब्रिटिशांनी क्लोरीन सोडला. काही ठिकाणी वारा फिरला आणि तो त्यांच्याच सैनिकांवर उलटला. पुढे फॉस्जीन आले आणि १९१७ मध्ये त्वचा भाजणारा मस्टर्ड वायू आला.

या संहाराची झळ भारतीयांनाही लागली. २६ एप्रिल १९१५ रोजी लाहोर डिव्हिजनचे जवान ईप्रजवळ वायूला सामोरे गेले. त्यांच्याजवळ मुखवटे नव्हते. जमादार मीर दस्त यांनी विखुरलेल्या तुकड्या सावरल्या आणि आठ ब्रिटिश व भारतीय अधिकाऱ्यांना सुरक्षित स्थळी नेण्यास मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूची बाधा मात्र जडली ती जडलीच.

त्या महायुद्धात वायूने सुमारे नव्वद हजार जीव घेतले, असा अंदाज आहे. १९२५ च्या जिनिव्हा करारात वापरावर बंदी आली, उत्पादनावर नव्हे. ती उणीव १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रास्त्र करारनाम्याने भरून काढली. भारताने त्यासाठी २००० मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्या करारनाम्याच्या यादीत थायोडायग्लायकॉल आहे: कापडरंगाईत आणि बॉलपेनच्या शाईत उपयोगी पडणारे, आणि मस्टर्ड वायूचाही कच्चा माल असणारे रसायन. अशा मालाच्या व्यवहारात घोषणापत्रे भरावी लागतात, अंतिम वापर विचारला जातो. व्यापाऱ्याला ही कागदपत्रे जाचक वाटतात. माल कोणाच्या हाती जातो आणि तेथे त्याचे काय होते, हा प्रश्न न विचारल्याने काय घडते, ते ईप्रच्या खंदकांनी दाखविले आहे.