'झेड' : दडपलेल्या खुनाच्या तपासाचा मागोवा

२२ मे १९६३ ची रात्र. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात शांतता चळवळीची सभा आटोपून खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस बाहेर पडले. पोलिसांचा भलामोठा बंदोबस्त होता, तरी एक तीनचाकी टेम्पो भरधाव आला आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने त्यांच्या डोक्यात दांडका हाणला. पाच दिवसांनी ते गेले. लाम्ब्राकिस पेशाने डॉक्टर, तरुणपणी लांब उडीतले विजेते. महिनाभर आधी मॅरेथॉन ते अथेन्स या पदयात्रेवर सरकारने बंदी घातली, तेव्हा खासदार म्हणून अटक टळल्याने ते एकटेच चालत राहिले होते. पोलिसांनी या मृत्यूवर अपघाताचा शिक्का मारला.

तो शिक्का पुसला ३४ वर्षांच्या एका तपासदंडाधिकाऱ्याने. ख्रिस्तोस सार्ट्झेटाकिस डाव्या विचारांचे मुळीच नव्हते. वरून येणाऱ्या दबावाला न जुमानता ते टेम्पोवाल्यांपासून थेट बड्या पोलिस अधिकाऱ्यांपर्यंत पोचले. पण १९६६ मध्ये निकाल लागला तेव्हा शिक्षा झाली ती टेम्पोवरच्या दोघांना. अधिकारी खुनाच्या जबाबदारीतून सुटले. त्याच सुमारास वासिलिस वासिलिकोस यांनी या प्रकरणावर कादंबरी लिहिली आणि २१ एप्रिल १९६७ ला लष्कराने सत्ता बळकावली.

या कादंबरीवर सिनेमा करणारे दिग्दर्शक कोस्ता-गाव्हरास तेव्हा पॅरिसमध्ये होते. वडील जर्मनांविरुद्धच्या प्रतिकारात डाव्या आघाडीकडून लढलेले, म्हणून मुलाला ग्रीसमधल्या विद्यापीठाची दारं बंद. तो फ्रान्सला जाऊन सिनेमा शिकला. ग्रीसमध्ये चित्रीकरण अशक्य होतं, मग अल्जिअर्सचे रस्ते थेस्सालोनिकीचे झाले. संगीत मिकिस थिओडोराकिस यांचं. ते हुकूमशहांच्या कैदेत असल्यामुळे त्यांच्या आधीच्या रचना वापरल्या गेल्या. १९६९ मध्ये 'झेड' पडद्यावर आला.

यीव मोंतांचा खासदार तसा थोडाच वेळ दिसतो. सिनेमा खरा पेलला आहे तो झाँ-लुई त्रँतिन्याँच्या दंडाधिकाऱ्याने. डोळ्यांवर गडद चष्मा, आवाज कधी चढत नाही. शवपेट्यांना पॉलिश करणारा एक साधा कारागीर साक्ष द्यायला निघतो आणि वाटेत त्याच्याच डोक्यात दांडका बसतो. इस्पितळात खुद्द जनरल येऊन त्याला पटवू पाहतो की, तुला कुणी मारलं नाही, तू पडलास. अख्खं सरकार एका जखमी माणसाची आठवण बदलायला निघालंय, हे त्या खोलीत जितकं भयाण वाटतं तितकं टेम्पोच्या हल्ल्यातही वाटत नाही.

शेवटी छातीवर पदकं मिरवणाऱ्या अधिकाऱ्यांना एकेक करून दंडाधिकाऱ्यासमोर आणतात. तो सगळ्यांना एकच विचारतो : नाव, आडनाव, व्यवसाय. टाइपरायटर खडखडत राहतो. बाहेर पडताना जो तो बाजूचं दार ढकलून पाहतो. ते कुलूपबंद असतं आणि पत्रकारांसमोरूनच जावं लागतं. प्रेक्षक इथे मनापासून टाळ्या वाजवतो. लगेच निवेदक सांगू लागतो, साक्षीदार एकामागून एक दगावले, दंडाधिकाऱ्याकडून प्रकरण काढून घेतलं. पाठोपाठ लष्करी राजवटीने बंदी घातलेल्या गोष्टींची यादी येते, त्यात सोफोक्लीस आहे, टॉलस्टॉय आहे, शेवटी 'झेड' हे अक्षरही आहे. कारण 'झी', म्हणजे 'तो जिवंत आहे', असं लोक लाम्ब्राकिसबद्दल म्हणत होते. मिळालेला विजय असा हातातून काढून घेण्याची हिंमत फार थोडे दिग्दर्शक करतात.

अल्जेरियाच्या नावावर या सिनेमाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आपल्याकडे त्याच कादंबरीवरून दिबाकर बॅनर्जींनी २०१२ मध्ये 'शांघाय' केला. तिथे खासदाराच्या जागी विस्थापितांसाठी लढणारे डॉ. अहमदी आणि दंडाधिकाऱ्याच्या जागी चौकशीला नेमलेला आयएएस अधिकारी आहे.

सार्ट्झेटाकिस यांनी मात्र सिनेमाच्या पुढचंही पाहिलं. हुकूमशहांनी त्यांना न्यायखात्यातून काढलं, तुरुंगात डांबलं. १९७४ मध्ये ती राजवट कोसळल्यावर ते न्यायासनावर परतले आणि १९८५ मध्ये ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले.