स्पिटफायरवरचे डाग : एका छंदातले पदार्थविज्ञान

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची प्रतिकृती तयार करण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी जोपासला जातो. त्यातले 1:72 हे प्रमाण फार रूढ आहे. ते फूट-इंचांच्या हिशेबातून आले. या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. 'एअरफिक्स' या ब्रिटिश कंपनीने 1950च्या दशकात याच प्रमाणात स्पिटफायर या लढाऊ विमानाचा संच बाजारात आणला. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार 11.23 मीटर, तर प्रतिकृतीत तो 15.6 सेंटिमीटर भरतो.

भाग जोडणे त्या मानाने सोपे. कस लागतो तो पृष्ठभाग पुरा करताना. पत्र्यांचे सांधे, रिव्हेट, उडालेला रंग, काजळी, तेलाचे ओघळ हे सारे हाताच्या कसबाचे काम वाटते. पण त्याच्या प्रत्येक पायरीमागे आपण वर्गात शिकवतो तेच विज्ञान असते.

सांधा किती रुंद?

खऱ्या विमानात दोन पत्र्यांमध्ये 2 मिलिमीटरची फट आहे असे समजू. 72 ने भागल्यावर ती 0.03 मिलिमीटरपेक्षाही कमी होते. आपला डोळा 30 सेंटिमीटर अंतरावरून साधारण 0.1 मिलिमीटरचा तपशील स्पष्ट ओळखू शकतो. म्हणजे काटेकोर प्रमाणातली रेषा जेमतेमच जाणवेल. म्हणून संचातल्या खाचा मुद्दाम रुंद कोरलेल्या असतात. नकाशावर रस्ता प्रमाणापेक्षा जाड काढतात, तशीच ही सोय आहे. मात्र 0.1 मिलिमीटरची खाच म्हणजे खऱ्या विमानात 7 मिलिमीटरची फट, हे विसरून ती काळीकुट्ट रंगवली तर विमान फरशा बसवल्यासारखे दिसते.

रिव्हेटची गोष्ट तर आणखी रंजक आहे. स्पिटफायरच्या नमुन्याचे पहिले उड्डाण 5 मार्च 1936 रोजी झाले. पत्र्याच्या पातळीत बसणारे रिव्हेट लावणे खर्चाचे व वेळखाऊ काम होते. त्याऐवजी घुमटाकार डोक्याचे रिव्हेट चालतील का, हे पाहण्यासाठी अभियंत्यांनी चाचणीच्या विमानावरील रिव्हेटवर चक्क वाटाण्याची डाळ चिकटवली! विमानाचा वेग ताशी सुमारे 35 किलोमीटरने घटला. मग एकेका भागावरची डाळ काढून पुन्हा उड्डाणे केली आणि सपाट रिव्हेट कुठे आवश्यक आहेत हे ठरवले. पंख गुळगुळीत राहिले, शेपटीकडच्या धडावर मात्र घुमटाकार रिव्हेट आले. तेव्हा पंखांवर ठळक रिव्हेट कोरणारा हौशी कारागीर नकळत विमानाचा वेग कमी करत असतो.

आधी चकाकी, मग डाग

सांधे उठून दिसावेत म्हणून गडद तैलरंग टर्पेंटाइनमध्ये खूप पातळ करून खाचेत सोडतात. कुंचल्याचे टोक टेकताच रंग खाचेतून सरसर धावतो. हे केशाकर्षण होय. टर्पेंटाइनचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे ते पृष्ठभाग सहज भिजवते.

पण त्याआधी चकचकीत वॉर्निशचा हात द्यावा लागतो, तो का? निस्तेज रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खळग्यांनी भरलेला असतो. तिथे प्रत्येक खळगा केशनलिकेचे काम करतो आणि डाग टीपकागदावर पसरावा तसा पसरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर द्रवाला ओढून नेणारी जागा एकच असते, ती म्हणजे खाच.

पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांनाही हाच नियम लागू पडतो. खडबडीत रंगावर ती लावली तर खाली हवा अडकते. हवेचा अपवर्तनांक 1, तर चिन्हाच्या पातळ थराचा सुमारे 1.5 असतो. या फरकामुळे प्रत्येक सीमेवर सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो आणि चिन्हाभोवती चंदेरी झाक दिसते. खाली वॉर्निश असेल तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. शेवटी निस्तेज वॉर्निश देतात. त्यातले सिलिकाचे बारीक कण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि खेळण्याची चकाकी जाते.

डागाला कारण हवे

डाग कुठे द्यायचा हे हौसेवर नाही, कारणावर ठरते. वैमानिक व यांत्रिक जिथे पाय ठेवतात तिथे, म्हणजे पंख धडाला मिळतो त्या जागी, रंग झिजतो. धूर व तेल हवेच्या प्रवाहाबरोबर मागे जातात, म्हणून त्यांचे ओघळ मागच्या दिशेने ओढलेले असतात. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर रंग उडाल्यावर खाली रुपेरी धातू दिसेल, तांबूस गंज नव्हे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियमचे पातेले आणि पोलादी सायकल यांच्यातला हाच फरक. आणि मॉस्किटो विमानावर तर रुपेरी ओरखडेही चुकीचे ठरतील, कारण ते मुख्यतः लाकडाचे होते! स्पिटफायरच्या शेपटीच्या सुकाणूवरही रुपेरी ओरखडे नकोत, कारण त्यावर कापड ताणलेले असे.

वर्गात करून पाहा

सीडीची जुनी पारदर्शक डबी बहुधा पॉलिस्टायरिनची, म्हणजे या संचांच्याच प्लास्टिकची असते. तिच्या अर्ध्या भागावर बारीक पॉलिश पेपर घासा. तो भाग पांढरट होईल. आता कंपासच्या टोकाने दोन्ही भागांवर मिळून एक सलग रेषा ओढा. शाईत पाणी व साबणाचा एक थेंब मिसळून रेषेवर ठेवा. गुळगुळीत भागात शाई रेषेतून धावेल, घासलेल्या भागात पसरेल. मग घासलेल्या भागावर दुसरीकडे खोबरेल तेलाचा थेंब टाका. तेवढी जागा पुन्हा पारदर्शक होईल.

यानंतर विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारातली एखादी जुनी सायकल दाखवून विचारावे, की हिचा रंग नेमका इथेच का उडाला? प्रत्येक डागाचे कारण शोधायला लागलेला विद्यार्थी उद्या संच हाती न घेताही निरीक्षण करायला शिकलेला असेल.